काकांच्या पोटमाळ्यावरचे संगणक विकताना

काकांच्या पश्चात काकूंनी मोठे घर विकून फ्लॅटमध्ये राहायला जायचे ठरवले आणि पोटमाळ्यावरच्या खोक्यांचा प्रश्न उभा राहिला. हे काका माझे सख्खे काका नव्हेत. सत्तरच्या दशकात पुण्याहून इंग्लंडला येऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी केलेले आणि आमच्यासारख्या मागून आलेल्या मराठी मंडळींना बँकेच्या खात्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळ्या गोष्टींत मदत करणारे ते गृहस्थ होते. केंब्रिजहून रेल्वेने पाऊण तासावरच्या गावात त्यांचे घर होते आणि त्या घराच्या पोटमाळ्यावर १९८० नंतरच्या दहा-बारा वर्षांत घेतलेले संगणक, त्यांची खोकी, कॅसेट आणि मासिकांचे गठ्ठे त्यांनी जपून ठेवले होते. काकू मला म्हणाल्या, "तू त्यातलाच आहेस, तूच बघ बाबा. कचऱ्यात जायच्या लायकीचं असेल तर तसं स्पष्ट सांग, पण मला एकटी बघून कुणी फसवून नेऊ नये एवढंच."

मी संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो हे खरे, पण जुन्या संगणकांचा बाजार ही अगदी वेगळी गोष्ट आहे. एक पथ्य मात्र मला आधीपासून ठाऊक होते, ते म्हणजे कोणतेही यंत्र उत्सुकतेपोटी विजेला जोडून पाहायचे नाही. बीबीसी मायक्रो या त्या काळच्या संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतले व्यत्यय गाळण्यासाठी कागदी कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला काळाच्या ओघात बारीक तडे जातात, आतला कागद हवेतला दमटपणा शोषून घेतो, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र धूर पसरतो. म्हणून सर्व यंत्रे खाली आणून जेवणाच्या टेबलावर मांडणे आणि प्रत्येकाची यादी करणे यापलीकडे सुरुवातीला मी काहीही केले नाही. काकूंनी हातात ओले फडके आणि साबणाचे पाणी तयारच ठेवले होते. त्यांना थांबवणे हे त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम ठरले.

यादीत ब्रिटिश उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपन्यांचे एक झेडएक्स८०, दोन झेडएक्स८१ आणि एक ४८ के मेमरीचा स्पेक्ट्रम, शिवाय एक बीबीसी मायक्रो मॉडेल बी आणि एक जुपिटर एस निघाला. नावे वाचून जे कळत नाही ते वापरावरून कळते. बीबीसी मायक्रोवर काकांनी वर्षानुवर्षे काम केले होते, त्यामुळे त्याच्या कळांवरची काही अक्षरे पुसट झाली होती आणि मूळचे फिकट बदामी आवरण पिवळे पडले होते. हा पिवळेपणा धुळीचा नसतो. त्या काळच्या प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगे मिसळत असत, आणि प्रकाशाने व उष्णतेने ते प्लास्टिक रंग बदलते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की रंग बराचसा परत येतो, पण असे उजळवलेले यंत्र घ्यावे की न घ्यावे यावरून संग्राहकांत सरळ दोन तट आहेत. उलट जुपिटर एस काकांनी, काकूंच्या आठवणीप्रमाणे, दुकानातला माल स्वस्तात निघाला तेव्हा घेतला, दोन-चार वेळा लावून पाहिला आणि खोक्यात परत ठेवून दिला. त्याच्या थर्माकोलच्या साच्याचा कोपरासुद्धा तुटलेला नव्हता.

बाजाराचा सगळा स्वभाव या दोन यंत्रांत मला दिसला. बीबीसी मायक्रो हा ब्रिटनच्या शाळांमधून एक अख्खी पिढी घडवणारा संगणक. तो १९८१ च्या अखेरीस आला, पंधरा लाखांच्या आसपास खपला, आणि म्हणूनच आज तो सहज मिळतो. जुपिटर एस १९८२ मध्ये केंब्रिजमधल्याच रिचर्ड आल्टवॉसर आणि स्टीव्हन व्हिकर्स या दोन तरुणांनी काढला. स्पेक्ट्रमच्या घडणीत वाटा असलेल्या या दोघांनी आपल्या यंत्रात सर्वांना परिचित असलेल्या बेसिकऐवजी फोर्थ ही प्रोग्रॅमिंगची भाषा बसवली आणि गिऱ्हाइकांनी तिकडे पाठ फिरवली. कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. यंत्रे निघाली ती काही हजारच. जे त्या वेळी कोणी घेतले नाही ते आज दुर्मीळ आहे, आणि जे घराघरांत होते त्याला आज शंभरेक पौंड मिळाले तरी विकणाऱ्याने समाधान मानावे, असा हा हिशेब आहे. ज्याने यंत्र मनापासून वापरले त्याच्यापेक्षा ज्याने ते खोक्यात ठेवून दिले त्याला बाजार अधिक पैसे देतो, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. पण विकायला निघालेल्या माणसाने पटण्या-न पटण्याचा विचार करून चालत नाही.

किंमत कळावी म्हणून मी ईबेवर शोधू लागलो. तिथे लावलेल्या किमती आणि प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती या दोन गोष्टी अगदी भिन्न असतात. कोणीही स्पेक्ट्रमवर 'अतिदुर्मीळ' असे लिहून चारशे पौंड लावू शकतो, आणि ती जाहिरात महिनोन्महिने तशीच पडून राहते. म्हणून केवळ विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडायची. तीही गेल्या सुमारे तीन महिन्यांपुरतीच दिसते, त्यामुळे जुपिटर एससारख्या क्वचित येणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हाती दोन-तीनच आकडे लागतात. त्यातही एक मेख आहे. विक्रेत्याने घासाघीस मान्य करून कमी पैशांत वस्तू दिली असेल, तर मूळ किमतीवर काट मारलेली दिसते, पण सौदा नेमका कितीला झाला ते तिथे दिसत नाही. वर्णनातले शब्दही शिकावे लागतात. 'तपासलेले नाही' असे लिहिलेले यंत्र विक्रेत्याने बहुधा तपासलेले असते आणि ते चालू झालेले नसते, असे संग्राहक हसत हसत सांगतात. मी तीन महिने दर आठवड्याला या नोंदी एका तक्त्यात उतरवत गेलो. खोके आहे की नाही, पुस्तिका आहे की नाही, चालू आहे की नाही, हे रकाने केले, आणि त्यातून असे दिसले की मूळ खोके व आतला साचा असल्यास किंमत सहज दीडपट होते.

याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या काकूंच्या मुलाचा फोन आला. सप्टेंबर २०२४ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांच्या संग्रहातला एक ॲपल-१ हा संगणक ९ लाख ४५ हजार डॉलरला विकला होता. ती बातमी त्याच्या वाचनात आली होती. "आई, घाईने काही देऊन टाकू नकोस," असे तो म्हणाला आणि काकू माझ्याकडे नव्याच नजरेने पाहू लागल्या. त्यांना ॲपल-१ ची गोष्ट सविस्तर सांगणे भाग होते. १९७६ मध्ये त्याच्या सुमारे २०० सर्किट-पाट्याच तयार झाल्या, किंमत होती ६६६ डॉलर ६६ सेंट. पुढे ॲपल-२ आल्यावर कंपनीने जुन्या पाट्या बदल्यात परत घेतल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा नष्ट केल्या, त्यामुळे आज जगात जेमतेम शंभराच्या आतच शिल्लक आहेत. आणि इतके असूनही त्याची किंमत स्थिर नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या बॉनहॅम्सच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने एका ॲपल-१ साठी ९ लाख ५ हजार डॉलर मोजले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्रिस्टीजमध्ये दुसरा ॲपल-१ गेला तो ३ लाख ६५ हजारांना. दोन महिन्यांत सोने निम्म्याहून खाली यावे असे काही घडले नव्हते. दोन लिलावांना येणारी माणसे वेगळी होती आणि दोन यंत्रांमागची हकीकत वेगळी होती.

हकीकत हाच शब्द मला काकूंपुढे महत्त्वाचा वाटला. नोव्हेंबर २०१० मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमध्ये एक ॲपल-१ १ लाख ३३ हजार २५० पौंडांना विकला गेला, त्याच्यासोबत त्याचे मूळ खोके होते, खोक्यावर स्टीव्ह जॉब्झ यांच्या आईवडिलांच्या घराचा पत्ता होता आणि जॉब्झ यांच्या सहीचे पत्रही होते. आमच्याकडे जॉब्झ नव्हते. पण झेडएक्स८० च्या खोक्यात तळाशी, जाड पुठ्ठ्याखाली, दोन गोष्टी मिळाल्या. एक होती सायन्स ऑफ केंब्रिज या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीची पावती, किंग्ज परेडच्या पत्त्याची, ७९ पौंड ९५ पेन्सची, म्हणजे सुट्या भागांच्या संचाची. जोडून तयार मिळणारा झेडएक्स८० ९९ पौंड ९५ पेन्सना होता. काकांनी वीस पौंड वाचवले आणि डाग देऊन, म्हणजे सोल्डरिंग करून, तो स्वतः जोडला. दुसरी गोष्ट म्हणजे चौकटीच्या कागदाची एक वही. त्यात त्यांनी रोजच्या जोडणीची नोंद मराठीत केली होती, कोणता रेझिस्टर बसवला, कोणत्या आयसीचा पाय वाकला, कुठे डाग थंड राहिला, आणि शेवटच्या पानावर लिहिले होते, "रात्री ११.४० ला पडद्यावर के दिसला. हिला उठवून दाखवला." झेडएक्स८० सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनातला पांढरा 'के' उमटतो, यंत्र जिवंत असल्याची तेवढी एकच खूण असते. काकूंनी ते पान वाचले, वही मिटली आणि मांडीवर ठेवून घेतली.

विकायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. जवळच्या गावातल्या एका सर्वसाधारण लिलावघरात मी आधी चौकशी केली. तिथल्या माणसाने यंत्रे नीट पाहिलीही नाहीत; विजेच्या जुन्या वस्तू आम्ही केवळ संग्रहाच्या म्हणून विकतो आणि सुरक्षेसाठी प्लग कापून टाकतो, असे त्याने सांगितले. कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चूक नव्हते, पण बीबीसी मायक्रोचा मूळ प्लग कापल्यावर संग्राहक नाक मुरडणार हे उघड होते. त्याने सगळ्याचा मिळून एकच लॉट, म्हणजे एकत्र विकायचा गठ्ठा, करायचे सुचवले आणि अंदाज दिला दीडशे ते दोनशे पौंडांचा. मी आभार मानून बाहेर पडलो. दुसरे लिलावघर तंत्रविज्ञानाच्या वस्तूंचे वर्षातून दोनदा खास लिलाव करणारे होते. त्यांच्या तज्ज्ञ बाईंनी छायाचित्रे मागवली आणि झेडएक्स८० वगळता प्रत्येक यंत्राबद्दल एका ओळीत उत्तर दिले. झेडएक्स८० बद्दल मात्र दोन पाने प्रश्न विचारले.

प्रश्न मजेशीर होते. हल्ली हौशी लोक झेडएक्स८० च्या नव्या पाट्या आणि नवी आवरणे तयार करतात, म्हणून आतल्या पाटीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र हवे होते. रॉम म्हणजे यंत्राची भाषा जिच्यात कायमची साठवलेली असते ती चिप; ती मूळची ४ के रॉम आहे की नंतर विकत मिळणारा ८ के रॉम बसवला आहे, हे पाहायचे होते. ८ के रॉम बसवणाऱ्यांनी कळफलकावर नव्या आज्ञांचे पातळ आवरण चिकटवलेले असते आणि ते काढताना खालची छपाई निघते. आमच्या यंत्रावर असे काही नव्हते. यंत्र उघडताना भीती वाटली, कारण झेडएक्स८० चे पांढरे आवरण अतिशय पातळ असते आणि स्क्रूऐवजी प्लास्टिकच्या दाबून बसवायच्या खिळ्यांनी जोडलेले असते. पंचेचाळीस वर्षांनंतर ते खिळे ठिसूळ झालेले असतात. म्हणून ते काम मी त्या बाईंच्याच टेबलावर त्यांच्याकडून करून घेतले. त्यांनी लाकडी पट्टीने एकेक खिळा उचलला, तेव्हा मला प्रथमच कळले की मागच्या बाजूला हवा खेळण्यासाठी असाव्यात अशा दिसणाऱ्या काळ्या फटी या फटी नाहीतच. त्या नुसत्या शोभेच्या पट्ट्या आहेत. काकांनी दिलेले डाग पाहून बाई म्हणाल्या की कारखान्यातल्यापेक्षा हे काम स्वच्छ आहे. हे वाक्य मी काकूंना त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले.

त्यानंतर वहीचा विषय निघाला. पावतीसोबत जोडणीची हस्तलिखित वही असेल तर अंदाज दोनशे-तीनशेवरून साडेतीनशे-पाचशेवर नेता येईल, असे बाईंचे मत पडले. मराठीत असली तरी अडचण नाही, इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे. काकूंनी सरळ नकार दिला. "पावती न्या, खोकं न्या, वही मिळायची नाही." त्यांच्या मुलाने फोनवरून समजावून पाहिले आणि तोच गप्प झाला. अखेर मार्ग असा निघाला की वहीची सर्व पाने चांगल्या प्रतीत स्कॅन करून, माझ्या भाषांतरासह, छापील स्वरूपात लॉटसोबत द्यायची, शेवटच्या पानाचे दुसरे वाक्य वगळून. वर्णनपत्रिकेत 'मूळ वही कुटुंबाकडे' असे स्वच्छ लिहिले गेले. खरेदीदारासमोर वस्तूचा इतिहास प्रामाणिकपणे मांडला पाहिजे आणि घरच्या माणसाचा खाजगीपणाही राहिला पाहिजे, या दोन्हींत तडजोड होऊ शकते हे मला तिथे शिकायला मिळाले. अंदाज ठरला तीनशे ते चारशे पौंडांचा, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती, दोनशे सत्तर.

लिलावाच्या दिवशी मी आणि काकू त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसलो. सभागृहात माणसे मोजकीच दिसत होती. बोल्या बहुतेक इंटरनेटवरून आणि काही आधी लेखी दिलेल्या. जुपिटर एस आधी आला. दोनशे ऐंशीला सुरू होऊन चारशेपर्यंत तो झरझर चढला, मग दोघेच उरले आणि वीस-वीस पौंडांनी एकमेकांना ढकलत ५६० वर हातोडा पडला. झेडएक्स८० ला पहिल्यांदा बराच वेळ कोणी तोंडच उघडले नाही. अडीचशेला कोणीतरी हात वर केला आणि मग तो ४४० पर्यंत गेला. दोन्ही झेडएक्स८१ आणि त्यांचा मागे डुगडुगणारा, मेमरी वाढवणारा १६ के रॅमपॅक असा एकत्र केलेला लॉट राखीव किमतीलाही पोहोचला नाही आणि परत आला.

काकूंनी चारशे चाळीस लिहून घेतले, पण हातोड्याची किंमत म्हणजे हाती येणारी रक्कम नव्हे, आणि ही गोष्ट जुनी वस्तू विकायला निघालेल्या प्रत्येकाने लिलावाआधी कागदावर मांडून पाहावी असे मला वाटते. आमच्या करारात विक्रेत्याकडून १५ टक्के कमिशन होते, म्हणजे ६६ पौंड, आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे १३ पौंड २० पेन्स. काकूंच्या हाती आले ३६० पौंड ८० पेन्स. पलीकडे खरेदीदारावर लिलावघराचा २५ टक्के प्रीमियम, म्हणजे जादा आकार, आणि त्या प्रीमियमवर पुन्हा व्हॅट होता, म्हणजे त्याने मोजले ५७२ पौंड. दोघांच्या मध्ये २११ पौंड २० पेन्स राहिले. वर्तमानपत्रांत ॲपल-१ च्या म्हणून जे आकडे येतात ते बहुतेक वेळा खरेदीदाराने मोजलेले, प्रीमियमसह असतात. विकणाऱ्याला त्यातले किती मिळाले हे कोणी छापत नाही. आणि पंचेचाळीस वर्षांतली महागाई धरली, तर काकांच्या त्या ८० पौंडांनी फारसा नफा कमावला असेही म्हणता येणार नाही. गुंतवणूक म्हणून हे संगणक घ्यावेत असे सांगणाऱ्यांचे मला नवल वाटते.

उरलेल्या वस्तू ईबेवर गेल्या. झेडएक्स८१ वेगवेगळे विकले तेव्हा लिलावघराच्या राखीव किमतीहून एकूण थोडे जास्तच मिळाले. स्पेक्ट्रमसाठी अखेरच्या दिवसापर्यंत ४१ पौंडांची बोली होती आणि शेवटच्या काही सेकंदांत ती ८३ वर गेली, कारण अनुभवी मंडळी आपला कमाल आकडा अगदी शेवटच्या क्षणी टाकतात, म्हणजे इतरांना विचार करायला वेळ मिळत नाही. मासिकांचे गठ्ठे टपालाने पाठवणे परवडणारे नव्हते. ते एका संग्राहकाने गाडी घेऊन येऊन नेले आणि काकूंच्या हातचे पोहे खाऊन गेले.

बीबीसी मायक्रो मात्र मी विकायला लावला नाही. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तेव्हा त्यासाठी बीबीसी मायक्रोच निवडला होता. आमच्या शाळेत तो आला, तेव्हा चपला बाहेर काढून, दोघादोघांना दहा मिनिटे त्याच्यासमोर बसता येई. मी तो घेतो म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "पैशाचं काय काढतोस, घेऊन जा." मला ते मान्य नव्हते, कारण इतके महिने त्यांच्या वतीने लोकांशी एकेका पौंडावरून वाद घातल्यावर स्वतः फुकट नेणे शोभले नसते. मी माझा तक्ता काढला, खोक्याविना, चालू आहे की नाही हे न तपासलेल्या, कळा झिजलेल्या मॉडेल बी च्या नऊ विक्रींची सरासरी काढून दाखवली. ती ६२ पौंड निघाली. काकूंनी साठ घेतले आणि दोन पौंड परत केले. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर मी बदलून घेतले आहेत, कळांवरची पुसट अक्षरे आहेत तशीच ठेवली आहेत.